पाठीला पाठ

ज्या प्रयोगात परीक्षकांसकट सगळं नाट्यगृह झोपलं, त्या प्रयोगाची तिसरी घंटा मी दिली होती.

झोपलं म्हणजे कंटाळून नव्हे. कंटाळून झोपलेली नाट्यगृहं मी आयुष्यभर पाहिली आहेत. एका ऐतिहासिक नाटकात तर सिंहासनावरचा राजाच झोपला होता आणि सेनापतीनं त्याच्या वाटची वाक्यं म्हणून परस्पर तह करून टाकला होता. ही झोप तसली नव्हती. हिला विज्ञानाचं कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव होतं शलाका मगदूम.

आप्पा थापा मारतो असं सांगलीत कुणीही सांगेल. मारतो. पण या गोष्टीत थापा फक्त कडेकडेनं आहेत. मधला भाग खरा धरून चाला.

साल चव्वेचाळीस. दोन हजार चव्वेचाळीस. तोवर एकांकिका स्पर्धांना 'पट्टी' लागू झाली होती. आता शाळकरी पोरांनाही ती माहीत आहे, पण तेव्हा नवलाई होती, म्हणून सांगतो. नटाच्या कानामागं एक पट्टी चिकटवायची आणि बरगडीवर एक. हृदयाचे ठोके कसे पडतात, श्वास किती खोल जातो, कातडीला घाम किती, हे त्या टिपतात. शिवाय मेंदूपासून निघून मानेतून थेट पोटापर्यंत उतरणारी एक लांबलचक नस आपल्या अंगात असते. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, जीव खाली बसतो, हे सगळे निरोप तिच्यातून ये-जा करतात. तेही त्या टिपतात. प्रेक्षकाच्या गळ्यात एक गळपट्टी असते. ती त्याच नसेला कातडीवरूनच विजेच्या बारीक गुदगुल्या करते. नटाच्या पोटात गोळा आला की प्रेक्षकाच्या पोटात त्याचं धाकटं भावंड येतं.

पण माणसांची अंगं सारखी नसतात. एखाद्याचं काळीज बसल्या जागी टांग्याच्या घोड्यासारखं धावतं, एखाद्याचं म्हशीसारखं रवंथ करतं. म्हणून नटाला आधी शांत बसवायचं आणि तेव्हा त्याचं अंग जसं असेल ते 'शून्य' धरायचं. पुढं या शून्याच्या वर जे जाईल तेवढंच प्रेक्षकांना पाठवायचं. खाली गेलं तर काहीच पाठवायचं नाही. यंत्र करणाऱ्यांचा हिशेब असा, की शांत बसलेल्या माणसाच्या खाली आणखी काय असणार?

हे लक्षात ठेवा. सगळी गोष्ट या हिशेबावर घसरली.

आमच्या ग्रुपचं नाव 'तिठा'. सगळी विशीच्या आतबाहेरची पोरं आणि घंटा द्यायला, पडदा ओढायला अठ्ठ्याहत्तरीचा मी. 'तिठा'मध्ये एक जुनी रीत होती, बैठक. तालमीआधी सतरंजीवर सगळ्यांनी जोडीजोडीनं पाठीला पाठ लावून बसायचं, डोळे मिटायचे, एकमेकांवर रेलायचं आणि श्वास एका लयीत येईपर्यंत बोलायचं नाही. सांगलीकडची विशीची पोरं एरवी गप्प बसतच नाहीत. त्यामुळं यंत्र सांभाळणाऱ्या अल्ताफ मुजावरनं ठरवूनच टाकलं की शून्य बैठकीतच धरायचं. त्याचं काय चुकलं? सगळं गाव एकदम गप्प बसलेलं आयतं मिळत होतं.

शलाकाची जोडी सौमित्र आवटीशी. बैठकीत आणि नाटकातही. आणि नाटकाबाहेरसुद्धा, असं सगळे धरून चालले होते.

शलाका जयसिंगपूरची. घरचं भडंगाचं, म्हणजे तिखट कुरकुरीत चुरमुऱ्यांचं, दुकान. हातपाय लांब, आवाज बसका, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडं न बघता त्याच्या हातांकडं बघायची सवय. सौमित्र बडबड्या, चटकन लाल होणारा, चटकन रुसणारा. तो कविता करायचा आणि ती तिला वाचून दाखवायचा. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तिसरी ओळ काढ." तो काढायचा. माझ्या मते प्रेम मोजायचं तर कवीनं किती ओळी काढल्या यावर मोजावं, पण मला कोण विचारतंय.

सांगलीच्या आयर्विन पुलावर एका संध्याकाळी सौमित्रनं तिचा हात धरला आणि चेहरा जवळ आणला. शलाकानंच हे मला पुढं सांगितलं, तेव्हा यात थाप नाही. ती मागं सरली नाही. फक्त म्हणाली, "सौमित्र, मला तसं होत नाही."

"तसं म्हणजे?"

"तुला आत्ता जे होतंय ते."

"माझ्याबाबतीत होत नाही?"

"कुणाच्याच बाबतीत नाही. त्याला शब्द आहे, अलैंगिक. दहावीत असताना सापडला. मला वाटलं होतं शब्द सापडला की काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही. आई अजून स्थळं बघतीय."

"मग मी कोण तुझा?"

"तू सौमित्र."

त्याला हे उत्तर कमी वाटलं. वीस वर्षांच्या मुलाला कमीच वाटणार. तो हसला, "बरं, कळलं," म्हणाला आणि घरी गेला. त्याला कळलं नव्हतं. पण तो रोज येऊन तिच्या पाठीला पाठ लावत राहिला, म्हणजे गडी अजून गेला नव्हता.

त्या वर्षी एकांकिकेचं नाव होतं 'गच्चीवरची टाकी'. दोन घरांची सामाईक पाण्याची टाकी, त्या टाकीपाशी भेटणारी दोन पोरं, आणि शेवटी टाकी रिकामी होते तेव्हा दोघं पहिल्यांदा जवळ येतात, असं साधं नाटक. दिग्दर्शन मधुजाचं. मधुजा सव्वीस वर्षांची, आणि तालमीत चहा विसरून गार करून पिणारी. ती स्वतः गळपट्टी घालून समोर बसायची.

शेवटचा प्रवेश आला. सौमित्रनं शलाकाचा हात धरला. मधुजानं एक हात छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले.

"अल्ताफ, शलाकाची लाइन चालू आहे ना?"

"चालू आहे की."

"सौमित्रचं मला येतंय. घशात येतंय अगदी. शलाकाचं काहीच नाही."

अल्ताफनं यंत्राचा पडदा तिच्याकडं फिरवला. सौमित्रची रेघ डोंगरासारखी चढलेली. शलाकाची जमिनीवर आडवी, रस्त्यावर पडलेल्या दोरीसारखी.

"पट्टी बदल."

बदलली. रेघ आडवीच. तिसरी लावली. आडवीच. शलाका हात सैल सोडून उभी राहिली होती, डॉक्टरकडं वजनाला उभी राहावी तशी.

"एक गंमत सांगू का?" अल्ताफ म्हणाला. "मघाशी सौमित्र चहा आणायला गेला तेव्हा हिची रेघ शून्याच्या खाली गेली. वजा! सेन्सर पार बिघडलेत. मी खालचं दिसणंच बंद करून टाकलं, उगीच डोक्याला ताप."

कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. मी तेव्हा कवळी शोधत होतो.

मधुजा वाईट नव्हती. ती शलाकाला बाजूला घेऊन म्हणाली, "काही अडलंय का? घरी काही?"

"नाही ताई."

"सौमित्रशी भांडण?"

"नाही. मला ते होत नाही, ताई. बाकी सगळं करते मी."

"सगळं छानच करतेस गं. पण लोकांना आता छान दिसून पुरत नाही. त्यांना आतलं हवं असतं." मग जरा विचार करून म्हणाली, "गाता न येणाऱ्या नट्यांना कुणीतरी मागून आवाज देतंच होतं ना? तसं करू. ओठ तुझे, आतलं दुसरीचं."

अशा रीतीनं मराठी रंगभूमीवर भावनेचं प्लेबॅक आलं. पहिली पार्श्वभावक इशानी. वेशभूषा बघणारी, गोल चेहऱ्याची, हसरी मुलगी. तिला खुर्चीत बसवलं, पट्टी लावली, अंगातली उसळी अल्ताफनं टिपून ठेवली. काय सुंदर उसळी होती! पडद्यावर रेघ चढली, थरथरली, वर जाऊन टेकली आणि हळूच ओघळली.

"कुणाचा विचार केलास गं?" मी विचारलं.

"आप्पा, कुणाला सांगू नका," ती कानाशी येऊन म्हणाली. "पांढऱ्या रश्श्याचा. सकाळपासून उपाशी आहे मी."

यंत्राला भूक आणि ओढ यांतला फरक कळत नाही, हा शोध त्या दिवशी लागला. तो मी आजवर दाबून ठेवला होता.

पुढच्या तालमीला शेवटच्या प्रवेशात शलाकाच्या नावानं इशानीचं रेकॉर्डिंग सोडलं. सौमित्र म्हणाला, मलाही एकदा गळपट्टी घालून बघू दे, प्रेक्षकांना काय मिळतंय ते मला कळायला हवं. घातली. शलाकाचा हात धरला. आणि रश्श्याची ती उसळी त्याच्या मानेतून खाली उतरली.

त्याचा चेहरा उजळला. कुणी काडी ओढावी तसा.

त्याला माहीत होतं की हे शलाकाचं नाही. सगळ्यांसमोर सांगूनच सोडलं होतं. तरी उजळला. शलाका एरवी हातांकडं बघणारी पोरगी, पण त्या वेळी नेमकी चेहऱ्याकडं बघत होती.

"बघ, असं," तो म्हणाला. हळूच म्हणाला, पण तिला ऐकू गेलं. "असं असतं."

"बरं," शलाका म्हणाली.

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. रडली असती तर आम्ही पाणी तरी दिलं असतं. पण ती नुसती सादळली. भडंगाच्या पिशवीचं तोंड उघडं राहिलं की वरून दिसायला सगळं तसंच असतं, हळद, लसूण, शेंगदाणे, पण दाताखाली काही वाजत नाही. ती वाक्यं बरोबर म्हणायची, जागा बरोबर घ्यायची, बैठकीला बसायची. विचारलं तर सांगायची, "बरं चाललंय." दिवस येत होते आणि ती त्यांना बाजूनं वाट करून देत होती.

सौमित्र एकदा मला म्हणाला, "आप्पा, मशीन खोटं बोलतंय असं मी स्वतःला सांगत होतो. पण तीन पट्ट्या बदलल्या हो. माझ्यासाठी तिच्यात खरंच काही नाही. ती आपली सवयीनं बसते माझ्याजवळ. बाकावर बसावं तशी."

"तिला विचारलंस?"

"विचारलं असतं. पण ती 'तू सौमित्र' म्हणेल."

स्पर्धेनंतर ग्रुप सोडतो, पुण्याला मामाकडं जातो, तिथं नोकरी बघतो, असंही तो बोलला. मी शलाकाला ते सांगितलं. का सांगितलं? घंटा देणाऱ्या माणसाला गप्प बसवत नाही म्हणून. ती म्हणाली, "बरं."

स्पर्धा चार दिवसांवर आली तेव्हा ती दुकानात बसली होती. मी भडंग घ्यायला गेलो होतो. कवळी असूनही मी भडंग खातो, चहात भिजवून. तिच्या आईनं काट्यावर मोठं पातेलं ठेवलं, बटण दाबून शून्य केलं आणि भडंग ओतायला घेतलं.

"आई, डाव आत राहिलाय," शलाका म्हणाली.

"असू दे की. शून्य केलंय ना?"

"डावासकट केलंयस."

"मग काढ तो."

शलाकानं पातेल्यातून पितळी डाव उचलला. काट्यावर आकडा आला. वजा. त्यापुढं डावाचं वजन.

ती हात तसाच वर धरून त्या आकड्याकडं बघत राहिली. आई म्हणाली, "अगं, आप्पा थांबलेत." ती ऐकत नव्हती. तिनं डाव परत पातेल्यात ठेवला. शून्य. उचलला. वजा. ठेवला. शून्य.

"काय खेळतीयस लहान पोरीसारखी!"

"आप्पा," शलाका मला म्हणाली, "सौमित्र चहा आणायला गेला होता तेव्हा माझी रेघ खाली गेली होती ना?"

"अल्ताफ तसं म्हणाला खरा."

"माझं शून्य कुठं धरतात?"

"बैठकीत."

"तेव्हा माझ्या पाठीला कोण असतं?"

मी बाकावर टेकलो. आतलं जे काही होतं ते तिनं पहिल्या दिवसापासून काट्यावर ठेवलेलंच होतं, आणि यंत्र रोज इमानानं ते धरून शून्य करत होतं. बाकीच्यांचं बिघडलं नाही, कारण ते शेजाऱ्याच्या पाठीला टेकून उद्याच्या परीक्षेचा नाही तर जेवणाचा विचार करत. आणि त्यांच्या रेघा प्रवेशात वर उसळत. हिची उसळणारी नव्हतीच. ती आधीच जिथं होती तिथं होती.

"मी सौमित्रला सांगतो," मी उठलोच.

"बसा." इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात काहीतरी वाजलं. "मशीननं सांगितल्यावर त्याला पटणार असेल, तर मग मी पुलावर जे बोलले ते काय होतं?"

"मग काय करायचं?"

"इशानीचं रेकॉर्डिंग बंद करायचं. माझ्या अंगात दुसरीचं नको. लोकांना जायचंय ते माझं जाऊ दे."

अल्ताफला आम्ही दोघांनी मिळून पटवलं. तो आधी म्हणाला, मधुजाताई माझी कातडी सोलेल. मग डावाची गोष्ट ऐकल्यावर म्हणाला, "मग दोन महिने मी काय मोजत होतो, आप्पा?" अर्धा किलो भडंग घेऊन तो तयार झाला. भडंग नसतं दिलं तरी झाला असता.

स्पर्धा कोल्हापुरात. आमचा प्रयोग सकाळच्या सत्रात. इशानी टेम्पोतून उतरल्यापासून हवेचा वास घेत होती. रंगमंचामागं सतरंजी घातली, नारळ फुटला, बैठक सुरू झाली. शलाका तिथं नव्हती. ती बाहेर आमच्या टेम्पोत, प्लायवूडच्या टाकीला टेकून एकटी बसली होती, आणि अल्ताफ तिचं शून्य तिथं धरत होता.

इकडं सौमित्रनं डोळे मिटले आणि सवयीनं मागं रेलला. मागं पाठच नव्हती. तो सतरंजीवर सरळ उताणा पडला. पोरं खिदळली. तो उठला नाही. छताकडं बघत पडून राहिला. इतका वेळ, की हसणारे एकेक करून थांबले.

"शलाका कुठाय?" त्यानं मला विचारलं.

"येतीय."

"बैठकीला आली नाही?"

"नाही."

त्यानं मान हलवली. त्याचा निर्णय झाला होता, हे मला दिसलं. मी घंटा दिली. पहिली, दुसरी, आणि मग तिसरी.

नाटक नीट चाललं होतं. पहिला प्रवेश शलाकाचा एकटीचा, कळशी घेऊन. प्रेक्षकांना तिच्याकडून काही गेलं नाही, त्यांनी काही मागितलंही नाही. मग सौमित्र आला. त्याचं पहिलंच वाक्य, "पाणी संपलं का?"

मी विंगेतून प्रेक्षकांकडं बघत होतो. पहिल्या रांगेत एक बाई पर्स मांडीवर घट्ट आवळून बसल्या होत्या. त्यांची बोटं सुटली. त्यांच्या मागच्या गृहस्थांचे खांदे खाली आले. सगळ्यांचेच आले. वारा पडल्यावर दोरीवरचे कपडे स्थिरावतात तसे. कुणाला रोमांच आले नाहीत, कुणी उसासा टाकला नाही. प्रवासातून आल्यावर आपल्या घरातल्या आपल्या खुर्चीत टेकावं, तसं ते नाट्यगृह टेकलं.

शेवटच्या प्रवेशात सौमित्रनं हात धरला. मधुजा प्रेक्षागृहात गळपट्टी घालून रश्श्याची उसळी यायची वाट बघत होती. ती आली नाही. जे पहिल्यापासून येत होतं तेच येत राहिलं. मधुजाचं डोकं हळूच शेजारच्या खांद्यावर गेलं. तीन परीक्षकांपैकी मधले आधीच घोरत होते. डावीकडचे काळी दोनच्या सुरात आणि उजवीकडच्या बाई बरोबर पंचमात. ही कडेची थाप समजा. पण झोपले होते हे खरं.

पडदा पडला. टाळ्या पडल्या नाहीत. मी पुन्हा घंटा दिली तेव्हा लोक जागे झाले आणि एकमेकांकडं लाजून बघू लागले. पर्सवाल्या बाई विंगेपाशी आल्या आणि मला विचारू लागल्या, "ह्या मुलीचं आणखी कुठं लागणार आहे का?"

निकाल दुपारी लागला. आम्हाला काही नाही. परीक्षकांचा शेरा मोठ्यानं वाचून दाखवला: नायिकेच्या मनातले नायकाविषयीचे प्रेम पोहोचले नाही; प्रयोग निद्राजनक. मधुजा अल्ताफवर इतकं ओरडली की शेजारच्या ग्रुपचा दिवा गेला. मग तिनं चहा मागवला आणि नेहमीसारखा गार करून प्यायली. शेवटी म्हणाली, "पण मला एवढी गाढ झोप कधी लागली होती, आठवत नाही."

परतीला बाकी सगळी बसनं गेली. टेम्पोत मागं सामानाबरोबर आम्ही चौघं होतो. अल्ताफ, मी, आणि टाकीच्या दोन बाजूंना ती दोघं. बाहेर ऊन. हातकणंगले मागं पडलं.

मग सौमित्र म्हणाला, "बैठकीला का नाही आलीस?"

"शून्य धरायचं होतं."

"ते बैठकीत धरतात."

"म्हणूनच नाही आले." ती अल्ताफकडं बघून म्हणाली, "दाखव त्याला. तसंही नाटक झालंय."

अल्ताफनं यंत्राचा पडदा त्याच्यापुढं धरला. रेघ सुरुवातीला जमिनीवर होती. मग सरळ वर चढली होती आणि तिथं आडवी झाली होती. उंच. शेवटपर्यंत तशीच. ना शिखर, ना उतार. पाचगणीचं टेबललँड जसं.

"हे कुणाचं?"

"माझं."

"ही चढली कुठं?"

"'पाणी संपलं का' इथं."

सौमित्रनं बोटानं रेघ मागं नेली, पुढं आणली. "मी हात धरला तिथं काहीच नाही झालं."

"नाही."

"आणि तालमीत ही खाली होती..."

"तालमीत तू आधीपासून पाठीला असायचास. त्यासकट शून्य धरलं जायचं."

टेम्पो खड्ड्यातून गेला. टाकी हलली. त्याला डावाची गोष्ट सांगावी लागली नाही. पोरगं हुशार होतं. तो पडद्याकडं बघत राहिला, आणि मग मला वाटलं तसं तो हसला नाही, रडलाही नाही. त्यानं पडदा अल्ताफला परत दिला.

"शलाका, ते दुसरं कधी येईल?"

"नाही येणार."

"कधीच?"

"बहुतेक कधीच नाही. वाट बघायला लावणार नाही मी तुला. चालणार नसेल तर आत्ताच सांग. जयसिंगपूर आलंच आहे, मी उतरते. राग धरणार नाही."

"मला ते हवंय," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? इशानीचं आलं तेव्हा मला किती बरं वाटलं, तू बघितलंयस."

"बघितलं."

इशानीचं ते कशाचं होतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसलो.

"पण सकाळी मी मागं पडलो ना," सौमित्र म्हणाला, "तेव्हा मला कळेना हात कुठं ठेवायचे." पुढं त्याला काही सुचलं नाही. कवीला न सुचणं बघायला फार बरं वाटतं.

"म्हणजे काय?" तिनं विचारलं.

"म्हणजे काय ते मला माहीत नाही. पुण्याचंही माहीत नाही. आत्ता मला फक्त बसायचंय."

तो टाकीला वळसा घालून आला, तिच्या मागं बसला आणि पाठ लावली. दोघांच्या मानांमध्ये धूळ आणि घाम. शलाकानं डोळे मिटले नाहीत. ती आपल्याच हातांकडं बघत होती.

अल्ताफनं हळूच विचारलं, "पट्टी अजून चालू आहे. शून्य धरू?"

"धर," सौमित्र म्हणाला.

रेघ वरून सरळ खाली आली आणि जमिनीवर पडली. आडवी, सपाट, रस्त्यावरच्या दोरीसारखी. सौमित्र मान वाकडी करून तिच्याकडं बघत राहिला. बघता बघता त्याचा श्वास लांबला.

टेम्पो थांबला. पुढून ड्रायव्हर ओरडला, "जयसिंगपूर! कोण उतरणार हाय?"

भडंगाच्या दुकानाची पाटी तिथून दिसत होती. मी थोडा वेळ थांबलो. दोघांपैकी कुणी हललं नाही.

घंटा जवळ नव्हती. मी टेम्पोच्या फळीवर दोन थापा मारल्या, चल म्हणून.